पिंगुळीची पोथी, रशियाचा पियानो

गेल्या महिन्यात एका रविवारी मुलीला व्हायोलिनच्या क्लासला सोडायला म्हापशाला गेलो होतो. क्लास सुटेपर्यंत बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसणं हा माझा गेल्या तीन वर्षांचा रविवार. आत कोणीतरी मोठा मुलगा पियानो वाजवत होता. एखादा जाडजूड माणूस हात मागे बांधून सावकाश चालत जावा तशी ती चाल. थोडा वेळ ती चाले, मग थांबे, मग भलतंच काहीतरी सुरू होई आणि पुन्हा तेच चालणं. मुलगी बाहेर आल्यावर विचारलं, हे काय गं वाजवत होता तो?

"पप्पा, तो चित्रं बघत चाललाय," ती म्हणाली.

माझा विषय इतिहास. बी.ए.ला घेतला तो आवडीनं, पुढे सरकारी नोकरीत त्याचा उपयोग जुन्या फायली वाचण्यापुरता झाला. संगीतातला माझा अधिकार म्हणाल तर भजनात टाळ धरण्याइतका. पण "चित्रं बघत चाललाय" हे तिचं वाक्य डोक्यातून जाईना. पार्से येईपर्यंत स्कूटरवर तिनंच मला बरंचसं सांगितलं, उरलेलं मी नंतर शोधून वाचलं. आणि वाचता वाचता जिथे जाऊन पोचलो ते ठिकाण रशियात नव्हतंच, आमच्या घरापासून दीड-दोन तासांच्या वाटेवर होतं. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी रशियाचं सांगतो. व्हिक्टर हार्टमान नावाचा एक वास्तुरचनाकार आणि चित्रकार होता. १८७३ साली तो अचानक वारला, वय अवघं ३९. दुसऱ्या वर्षी, १८७४ मध्ये, सेंट पीटर्सबर्गला मित्रांनी त्याच्या चित्रांचं आणि आराखड्यांचं प्रदर्शन भरवलं. चारशेच्या वर कामं मांडली होती. त्याचा मित्र मुसॉर्गस्की हे प्रदर्शन बघून आला आणि त्या जूनमध्ये तीनेक आठवड्यांत त्यानं पियानोसाठी रचना केली. त्यात दहा चित्रं आहेत, आणि त्या चित्रांच्या मधे मधे बघणाऱ्याचं चालणं आहे. तेच मी बाकावर बसून ऐकलं होतं. मुसॉर्गस्कीला ती रचना छापलेली बघायला मिळाली नाही. तो १८८१ मध्ये गेला, रचना छापली गेली १८८६ मध्ये. पुढे १९२२ साली राव्हेल या फ्रेंच संगीतकारानं ती मोठ्या वाद्यवृंदासाठी मांडली आणि मग ती जगभर गेली.

त्यात एक तुकडा बैलगाडीचा आहे. पोलंडमधली जड चाकांची बैलगाडी लांबून येते, समोरून जाते, दूर जाते. आम्हां खेडेगावच्या लोकांना हे कळायला संगीत शिकावं लागत नाही. आता गंमत बघा. ज्या चित्रावरून हा तुकडा सुचला ते चित्र आज कोणाकडेच नाही. प्रदर्शनातली बरीचशी चित्रं कुठे गेली याचा पत्ता नाही, या दहांपैकी जेमतेम अर्ध्यांची मूळ चित्रं ओळखता येतात. हार्टमानचं नाव आज जगात घेतलं जातं ते त्याच्या मित्राच्या पियानोमुळे. चित्र गेलं, सूर राहिला.

हे मी लक्षात ठेवायला सांगतो, कारण पुढे आपल्याकडची गोष्ट याच्या बरोब्बर उलटी आहे.

चित्रावरून संगीत रचायचा नाद मग तिकडे बऱ्याच जणांना लागला. रखमानिनोव्हनं १९०७ मध्ये पॅरिसला ब्योक्लिनच्या 'मृतांचे बेट' या चित्राची काळी-पांढरी छापील प्रत पाहिली आणि १९०९ मध्ये त्यावर वाद्यवृंदाची रचना केली. पाच मात्रांच्या लयीत होडीची वल्ही पडत राहतात. पुढे त्याला मूळ रंगीत चित्र बघायला मिळालं तर त्याला ते तेवढं भिडलं नाही. आधी हेच बघितलं असतं तर कदाचित आपण रचना केलीच नसती, अशा अर्थाचं तो बोलून गेला. झेरॉक्सनं मुळावर मात केल्याचं आम्हां कारकुनांना कौतुक वाटावं असं हे एकमेव उदाहरण!

पण मला जास्त जवळचं वाटलं ते मॉर्टन फेल्डमनचं काम. अमेरिकेत ह्यूस्टनला एक प्रार्थनाघर आहे, त्यात मार्क रॉथको या चित्रकाराची १४ प्रचंड, जवळजवळ काळपट चित्रं भिंतींवर आहेत. रॉथको १९७० मध्ये गेला, प्रार्थनाघर १९७१ मध्ये उघडलं. फेल्डमन त्याचा मित्र. त्यानं त्याच जागेसाठी रचना केली, ती १९७२ मध्ये तिथेच वाजली. वाद्यवृंद नाही. एक व्हायोला, सेलेस्टा, तालवाद्यं आणि गाणारे आवाज. सगळं इतकं हळू की शेजारच्याचा श्वास ऐकू यावा. शेवटाकडे व्हायोला एक साधी चाल वाजवतो, ती फेल्डमननं पोरवयात रचलेली होती. चित्रात माणूस नाही, झाड नाही, गोष्ट नाही, तरी त्यातून त्याला स्वतःचं लहानपण आठवलं.

याला चेंबर म्युझिक म्हणतात. म्हणजे मोठ्या सभागृहाचं नव्हे, एका खोलीत मावेल असं संगीत. चार-पाच वाजवणारे, समोर थोडे ऐकणारे. आपल्या गोव्याला हे परकं नाही. सासष्टीतल्या जुन्या घरांच्या दिवाणखान्यात व्हायोलिन आणि घुमटाच्या साथीनं मांडो म्हटला जायचा, ते याच जातीचं. आमच्या पेडण्यात दिवाणखाने मोजके, त्यामुळे आमचं चेंबर म्हणजे देवळाचा चौक. असो.

आता आपल्याकडे या. चित्र आणि संगीताचं नातं म्हटलं की कोणीही जाणकार पहिल्यांदा रागमालेचं नाव घेईल. सहा राग, प्रत्येकाच्या रागिण्या, मिळून छत्तीस किंवा जास्त चित्रं. तोडी म्हणजे वीणा घेतलेली आणि भोवती हरणं जमलेली स्त्री, हिंदोल म्हणजे झोपाळा. ही चित्रं मला फार आवडतात, पण त्यांची वाट उलटी आहे. आधी राग, मग त्याचं ध्यान सांगणारा श्लोक, मग श्लोकावरून चित्र. सूर आधी, रंग मागून. आपल्या मडगावचे लक्ष्मण पै (१९२६–२०२१) यांनी साठच्या दशकात रागांवर चित्रमालिका केली, तीही याच वाटेनं. पै पुढे पणजीच्या कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते, पद्मभूषण मिळालेले होते. रागावरून चित्र काढणारा गोंयकार आपल्याला ठाऊक आहे. चित्रावरून राग गाणारा कोण?

एक धागा विजापूरला सापडतो. दुसरा इब्राहिम आदिलशहा, १५८० ते १६२७. बार्देस-सासष्टी १५४३ मध्येच पोर्तुगिजांकडे गेली होती, पण आपला पेडणे महाल तेव्हा विजापूरच्या मुलखात. म्हणजे हा आमचा राजा! गाण्याचा वेडा, तंबोऱ्याला 'मोतीखान' असं नाव ठेवणारा, नौरसपूर नावाचं शहरच वसवायला घेणारा. त्याच्या 'किताब-इ-नौरस'मध्ये दखनीतली ५९ गीतं आहेत, त्यांना रागांची नावं आहेत, गणपती-सरस्वतीला वंदन आहे. त्यातल्या काही गीतांत तो रागाचं रूप असं वर्णन करतो की समोर चित्र ठेवून लिहिलंय असं वाटावं. भैरव म्हणजे साक्षात शंकर, भाळी चंद्र. त्याच्या पदरी नामांकित चित्रकार होते आणि दख्खनी रागमालेची सुंदर चित्रंही साधारण त्याच काळातली. पण राजानं चित्र बघून गीत रचलं की चित्रकारानं गीत ऐकून चित्र काढलं, याचा निवाडा करायला माझी इतिहासाची पदवी पुरत नाही. दोन्ही एकाच वाड्यात चाललं होतं एवढं खरं.

आणि मग मला आजीची आठवण आली. खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती.

माझ्या आजीचं माहेर कुडाळजवळचं. लग्न होऊन ती पार्से गावात आली तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते, माहेरी जायचं तर सरहद्द ओलांडावी लागे. वास्तविक पेडणे आणि सावंतवाडी हे एकच घर. १७८८ साली खेम सावंतांनी कोल्हापूरकरांविरुद्ध मदत मिळवायची म्हणून पेडणे महाल पोर्तुगिजांना देऊन टाकला, आणि घराच्या मधून भिंत गेली. देव तेच राहिले, दशावतार तोच राहिला, बोली तीच राहिली. आजी या भिंतीला कधी फारसं मानत नसे. "आमच्या थंय" म्हणजे कुडाळ, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

२००७ साली मी कामानिमित्त कुडाळला गेलो होतो, तेव्हा पिंगुळीला उतरलो. पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी तोवर मला पुस्तकातूनच माहीत होती. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचंच संग्रहालय केलं होतं, तेव्हा ते अगदी नवीन होतं. (त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मला आमच्याच घरात मिळाल्यासारखा आनंद झाला.) तिथून मी एक चित्र विकत घेतलं. धनुष्य ताणलेला राम, समोर राक्षस, एका बाजूनं दिसणारे चेहरे, हे मोठाले डोळे. घरी आणून आजीपुढे धरलं. तिचं वय तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढे, डोळ्यांना कमी दिसायचं. तिनं ते खिडकीशी नेऊन बघितलं, आणि एकदम गुणगुणायला लागली.

शब्द पुरते नव्हते. मधे मधे दोन-तीन शब्द, बाकी नुसती चाल. पण चाल ठाम होती. एका ठिकाणी ती थांबे, मांडीवर बोटांनी ठेका धरी, पुन्हा पुढे जाई. लहानपणी माहेरच्या देवळात ठाकर पोथी लावायचे, हा प्रसंग आला की असं म्हणायचे, ती म्हणाली. सत्तरेक वर्षं तिनं ती चाल आठवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे पाहुणे आले. मी म्हटलं, आजी, कालचं ते म्हणून दाखव. तिला येईना. दोनदा सुरुवात केली, भलतीकडे गेली, रागावली. मी आतून चित्र आणून पुढे ठेवलं. लागलीच चाल आली, जशीच्या तशी.

तेव्हा मला ती म्हातारपणाची गंमत वाटली. आज वाटतं, चित्रकथी ही काय चीज आहे ते तिनं मला त्या दोन दिवसांत दाखवलं होतं.

चित्रकथीचा खेळ ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पोथी म्हणजे शिवलेलं पुस्तक नव्हे. साधारण फूट-दीड फुटाचे सुटे कागद, पाठीला पाठ लावून चिकटवलेले, दोन्ही बाजूंना चित्रं. एका कथेच्या पोथीत तीस, चाळीस, पन्नास चित्रं. कथा रामायण-महाभारतातल्या, पण आपल्याकडच्या वळणाच्या. मुख्य कथेकरी जमिनीवर मांडी घालून बसतो, पुढ्यात चित्र उभं करतो. सोबत दोघे-तिघे. वीणा, टाळ आणि हुडूक, म्हणजे कमरेत निमुळतं असलेलं छोटं चर्मवाद्य. आधी गणपतीचं चित्र, मग सरस्वतीचं, मग कथा. चित्रापुढे पद म्हटलं जातं, मधेच कथेकरी ते बोलून उलगडतो, पात्रांचे संवाद म्हणतो. चित्र बदलताना हात कागदांत गुंतलेला असतो तेव्हा हुडूक आणि टाळ रिकामी जागा भरून काढतात.

क्लासच्या बाहेर बाकावर मी ऐकलं ते हेच की! एक चित्र, मग चालणं, मग दुसरं चित्र. मुसॉर्गस्कीचा माणूस चित्रांपुढून चालत जातो. आमच्याकडे माणूस बसलेला, चित्रं चालत येतात.

ही रीत किती जुनी? सातव्या शतकात बाणभट्टानं हर्षचरितात बाजारातला यमपटवाला रंगवलाय, पोरांच्या घोळक्यात उभा राहून काठीनं चित्रं दाखवणारा. 'मुद्राराक्षस' नाटकात चाणक्याचा हेर यमपट घेऊन, घरोघर गाणी म्हणत हिंडतो. पण आपल्या जवळचा पुरावा कल्याणीच्या चालुक्यांचा. राजा तिसरा सोमेश्वर, बाराव्या शतकाचा पूर्वार्ध. त्याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख येतो. गोव्याचे कदंब याच चालुक्यांचे मांडलिक. मी यावरून पिंगुळीची परंपरा नऊशे वर्षांची आहे असं म्हणणार नाही. आमच्याकडे कुठल्याही गोष्टीला हजार वर्षं जुनं म्हणायची सवय वाईट आहे. पिंगुळीच्या ठाकरांना सावंतवाडीच्या भोसल्यांचा आश्रय होता, इथून पुढे पाय जमिनीवर राहतात.

एकोणिसाव्या शतकातल्या अशा चित्रांना 'पैठणची चित्रं' असं नाव पडलं, कारण बरीचशी पैठणच्या बाजूला मिळाली. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात ती आहेत. तिथे मी तासभर उभा होतो. चित्रं उत्तम राखली आहेत, काचेमागे, पाठचं चित्र भिंतीकडे. म्हणजे अर्धी पोथी कोणालाच दिसत नाही! ॲना दल्लापिकोला यांनी १९८० साली या चित्रांवर जर्मन भाषेत पुस्तक लिहिलं, व्हॅलेंटिना श्टाखे-रोझेन यांचा पिंगुळीच्या चित्रांवरचा लेख १९८४ मध्ये आला. परदेशी विदुषींनी रेषा, रंग, कथाप्रसंग यांची नीट नोंद केली. त्यांचे उपकारच आहेत. पण चाल? या चित्रापुढे कुठली चाल, कुठला ठेका, कुठे थांबायचं, कुठे हुडूक एकटा, हे ज्या कागदावर लिहिलेलं आहे तो कागद म्हणजे ते चित्रच. आणि तो कागद वाचायला येणारी माणसं एका गावात, हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या घरांत उरली आहेत.

रशियात चित्रं हरवली आणि संगीत उरलं. इथे चित्रं पुण्याच्या संग्रहालयात आहेत, दिवाणखान्यात फ्रेम करून आहेत, हल्ली पिशव्यांवर आणि साड्यांवरही आहेत. कथेकऱ्याच्या घराला त्यातून चार पैसे मिळतात याचा मला आनंदच आहे, पोट चालल्याशिवाय परंपरा चालत नाही हे मी कुठल्याही सेमिनारवाल्याला सांगीन. पण साडीवरचा राम मुका आहे. तो धनुष्य ओढून तसाच उभा आहे, सूर नाही म्हणून बाण सुटत नाही.

यातला माझा वाटाही सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कार्यालयात असताना माझ्याकडे कलावंतांचे अर्ज नोंदवायचं काम होतं. कुठलं कार्यालय ते जाऊ दे. अर्जात एक रकाना होता : कलाप्रकार. चित्रकला, संगीत, नाट्य, इतर. यांपैकी एकावरच खूण करायची. चित्रं दाखवून गाणाऱ्या एका लोककलावंताचा अर्ज आला, त्यानं तिन्हींवर खुणा केल्या होत्या. नियमाप्रमाणे अर्ज सदोष. मी त्याला बोलावून एकच ठेवायला सांगितलं. तो थोडा वेळ कागदाकडे बघत बसला, मग म्हणाला, तुम्हीच ठेवा साहेब. मी चित्रकलेवर ठेवली. चित्र हाताला लागतं, फाईलला जोडता येतं. संगीत फाईलला जोडायची सोय नव्हती. त्याचं काम झालं, त्याची तक्रार काही नव्हती. पण ती खूण मी केली, आणि आजीचं दोन दिवसांचं गाणं घरात ऐकून झाल्यानंतर केली.

आजी २००९ मध्ये गेली. माझ्या तेव्हाच्या मोबाईलमध्ये आवाज टिपायची सोय होती. मी त्यात मुलीचं पहिलं बोबडं बोलणं टिपलं होतं, भगवतीच्या जत्रेतला दशावतार टिपला होता. आजीचं ते गुणगुणणं टिपावं असं सुचलं नाही. ती काय, घरातच आहे, कधीही म्हणेल.

ते चित्र अजून आमच्या बाहेरच्या खोलीत आहे, कडा पिवळ्या पडल्यात. त्या रविवारी रात्री जेवण झाल्यावर मी मुलीला ही सगळी हकिकत सांगितली. ती व्हायोलिन घेऊन चित्रापुढे उभी राहिली. म्हणाली, "पप्पा, पणजी कसं म्हणायची? तू म्हण, मी वाजवते."

मी चित्राकडे बघितलं. आजीनं मांडीवर धरलेला ठेका आठवला, थांबायची जागा आठवली. तोंड उघडलं तर चाल आली ती दशावतारातल्या युद्धाची, लहानपणापासून कानात बसलेली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तीच. मुलीनं बिचारीनं तीच वाजवली.

चवथीची सुट्टी संपली की शनिवारी आम्ही दोघं पिंगुळीला जाणार आहोत. चित्र सोबत नेणार आहे. त्या चित्रापुढे कोणी काय म्हणतं ते आधी नुसतं ऐकायचं, मग परवानगी घेऊन टिपायचं, असं ठरलं आहे. व्हायोलिन न्यायचं की नाही यावर मात घरात अजून वाद चालू आहे.